नगरसेविकांना विधानसभेची उमेदवारी का मिळत नाही?

मा. संपादक,
स. न.

राजकीय घराण्यातील स्त्री निवडून आली की ‘वडिलांच्या पुण्याईवर आली’ असे म्हणून विषय मिटवला जातो. सोलापूरच्या निवडणुका मात्र वेगळेच सांगतात. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री असताना, २००४ मध्ये त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे लोकसभेला उभ्या राहिल्या आणि भाजपच्या सुभाष देशमुख यांच्याकडून पराभूत झाल्या. २०१४ च्या मे महिन्यात खुद्द शिंदे हरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या कन्या प्रणिती शिंदे यांनी ‘शहर मध्य’ हा विधानसभा मतदारसंघ राखला, २०१९ मध्येही राखला आणि २०२४ मध्ये त्या खासदार झाल्या. करमाळ्यात दिगंबर बागल यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी श्यामल बागल २००९ मध्ये आमदार झाल्या, पण कन्या रश्मी बागल यांना पुढच्या दोन्ही विधानसभांना हार पत्करावी लागली. मतदार नुसत्या नात्याला मत देत नाही. नात्याचे वजन पडते ते त्याआधी, पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, कोणाच्या हाती द्यायचे हे ठरते तेव्हा.

२०२४ मध्ये राज्यातील ४८ जागांवर अवघ्या सात महिला खासदार झाल्या. त्यांत सुप्रिया सुळे, वर्षा गायकवाड व प्रणिती शिंदे या नेत्यांच्या कन्या, रक्षा खडसे सून आणि प्रतिभा धानोरकर दिवंगत खासदारांच्या पत्नी. नाशिकचे महापौरपद भूषवून पुढे आलेल्या डॉ. शोभा बच्छाव यांच्यासारखी वाटचाल विरळाच. घराणी पुरुषांचीही असतात, हे अकलूजच्या मोहिते-पाटलांकडे पाहिले तरी कळते. परंतु घराणे नसलेला पुरुष निदान साखर कारखाना, पतसंस्था, कामगार संघटना यांतून वर येऊ शकतो. तिथल्या संचालक मंडळांत स्त्रिया मोजक्याच, आणि बूथवर बसणारी माणसे, प्रचाराचा पैसा, गावोगावची ओळख हे सारे तिथूनच उभे राहते. माहेर किंवा सासर राजकारणात नसलेल्या स्त्रीने ते कुठून आणायचे?

याचे उत्तर स्थानिक स्वराज्य संस्थांतून मिळायला हवे होते. राज्यात २०११ पासून तिथे महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. आपल्या महापालिकेच्या १०२ जागांपैकी निम्म्या त्यांच्या आहेत. प्रत्यक्षात सोडतीत जागा महिलांसाठी राखीव निघाली की माजी नगरसेवकाच्या पत्नीचे नाव पुढे येते. पत्रकावर उमेदवारापेक्षा पतीचा फोटो मोठा असतो, आणि निवडून आल्यावर ड्रेनेज तुंबल्याची तक्रार करायला नगरसेविकेला फोन लावला तर उचलतात ‘साहेब’. अशाही परिस्थितीत ज्या स्वतः सर्वसाधारण सभेत उभ्या राहून पाण्याच्या वेळापत्रकावर प्रशासनाला धारेवर धरतात, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. दुर्दैवाने पुढच्या सोडतीत आरक्षण फिरते आणि नेमक्या त्याच बाजूला सारल्या जातात. पतीची जागा पतीकडे परत जाते; जिच्यामागे कोणी नाही, तिची पाच वर्षांची मेहनत वाया जाते. विडी कामगार स्त्रियांच्या मोर्चांनी गाजलेल्या या शहरात नेतृत्वगुण असलेल्या बायका नाहीत, असे कोणत्या पक्षाने म्हणावे?

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा देऊ केल्या आहेत. मात्र अंमलबजावणी जनगणना आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडलेली आहे. त्या जागाही घरातल्या घरात वाटल्या जाऊ नयेत, यासाठी पक्षांनी आतापासूनच दोन गोष्टी कराव्यात. किमान एक मुदत स्वतः कारभार केलेल्या नगरसेविका, सरपंच व जिल्हा परिषद सदस्या यांचा विधानसभेच्या उमेदवारीसाठी आधी विचार व्हावा आणि त्यांच्या प्रचाराचा खर्च पक्षनिधीतून द्यावा. शासनाकडेही एक मागणी आहे : महिला राखीव प्रभाग सलग दोन मुदतींसाठी कायम ठेवावा, म्हणजे काम केलेल्या नगरसेविकेला त्याच मतदारांसमोर स्वतःच्या कामावर मत मागता येईल.

— एक वाचक, सोलापूर