ऐरोलीच्या काकूंना, पाचचं बटण दाबून दाखवल्याबद्दल

ती. स्व. काकूंना,
शि. सा. न. वि. वि.

दोन जिने उतरून हे तुम्हाला तोंडी सांगता आलं असतं. पण शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरवायचे दिवस आलेत, आणि तुम्ही आम्हाला जे विचारलंत ते आणखी काही ग्रुपांच्या कानावर पडावं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

आमच्या डोक्यात प्रोजेक्टसाठी तेव्हा ठाणे स्टेशन होतं. गाड्या, भोंगे, गर्दी या सगळ्या कल्लोळातून उद्घोषणा तेवढी वेगळी काढायची. दोन माइक, गोंगाटाप्रमाणे स्वतःला जुळवून घेणारा ॲडॅप्टिव्ह फिल्टर, आणि जमलंच तर वर मराठी बोलणं ओळखणारं काहीतरी. विषय भारदस्त असला की मार्कही भारदस्त मिळतात, हा समज कॉलेजात फार पक्का आहे. तुम्ही मटार सोलता सोलता सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "बरोबर आलं हे कशावरून ठरवणार गं?" ऐकायला स्वच्छ वाटेल, असं आम्ही म्हटलं. "कोणाला वाटेल? तुला की परीक्षकाला?"

मग बोर्ड कुठला, मेमरी किती, हे निघालं. अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. वर्तमानपत्राच्या कडेला तुम्ही आमच्याकडूनच हिशोब करून घेतलात: १०२४ सॅम्पलची (आवाजाच्या एकेका मोजमापाची) एफएफटी, म्हणजे आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती हे काढणारं गणित, प्रत्येकाचा रिअल आणि इमॅजिनरी भाग, दोन-दोन बाइट. झाले ४०९६ बाइट. म्हणजे निम्मंसुद्धा जेमतेम मावणार, आणि बाकीच्या प्रोग्रॅमला जागा शून्य. इतका साधा गुणाकार विषय ठरवण्याआधी कोणी करत नाही.

त्यानंतर तुम्ही माझाच मोबाईल घेऊन डायल पॅडवर ५ दाबलात. "यात दोन सूर आहेत. ते ओळखा, पुष्कळ झालं." टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केलेल्या माणसालाच हे सुचावं! आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या रांगेचा एक. ५ ला ७७० आणि १३३६ हर्ट्झ. साध्या फोनच्या बारा बटणांना मिळून फक्त सात फ्रिक्वेन्सी लागतात. म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न. आमचं चुकलं तर त्याच क्षणी कळणार होतं, आणि खरं सांगायचं तर प्रोजेक्टमध्ये याहून मोठी सोय नाही.

सातच फ्रिक्वेन्सी हव्या असतील तर अख्खी एफएफटी कशाला, हे पुढे पुस्तकातून उमगलं. गोअर्टझेलची १९५८ सालची पद्धत प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी मागच्या दोनच किमती लक्षात ठेवते. दर सॅम्पलला एक गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी. सेकंदाला ८००० सॅम्पल घेतले तर दोन सॅम्पलमध्ये १२५ मायक्रोसेकंद मिळतात, १६ मेगाहर्ट्झच्या उनोवर २००० क्लॉक. पूर्णांकांत काम केलं की तेवढ्यात भागतं. २०५ सॅम्पलचा एक घास, म्हणजे २५.६ मिलिसेकंद, २०५ हा विचित्र आकडा एवढ्यासाठी की त्यात या फ्रिक्वेन्सी मोजणीच्या आपापल्या खणात बऱ्यापैकी नीट बसतात.

पण माझे खास आभार त्या एमटी८८७० चिपसाठी. तुमच्या डब्यातली ती जुनी आयसी आणि तिचा ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तुम्ही हातावर ठेवलात. जे काम आम्ही प्रोग्रॅमने करणार, तेच ही चिप स्वतः करून चार बिटांत उत्तर देते. आम्हाला वाटलं, मग आमचं काम ते काय उरलं? तुम्ही म्हणालात, "ही तुमची परीक्षक. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी दाखवा." सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, त्यावर आकडा उमटवणारा ७४४७ डीकोडर, आकडा धरून ठेवणारा लॅच, हा डिजिटलचा सगळा भाग त्या तुलनेतूनच आला.

शून्य दाबल्यावर चिपने १०१०, म्हणजे बायनरीतले दहा, दिलं आणि डिस्प्लेवर भलतीच आकृती उमटली, तेव्हा तुम्ही हसलात. जुन्या तबकडीच्या फोनवर शून्य म्हणजे दहा पल्स, आणि इथेही शून्याला दहाच. डेटाशीटमधला तक्ता त्यानंतर पाठ करावा लागला नाही.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी माइकजवळ नुसतं बोलायला सुरुवात केली. तुम्ही त्याचीही तयारी करून घेतली होती: बोलण्यात मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीलाही जोर असतो, बटणाच्या सुरात जवळजवळ नसतो, म्हणून तिथलंही मोजा, म्हणजे बोलणं बटण समजलं जाणार नाही. डिस्प्ले हलला नाही. त्यांनी पुढे मोजणी कशी केली ते खोदून खोदून विचारलं, आणि आम्हा चौघांनाही सांगता आलं. स्टेशनच्या प्रोजेक्टमध्ये आयत्या प्रोग्रॅमच्या लायब्ररीत काय चाललंय हे एकालाही सांगता आलं नसतं.

आता ज्युनिअरचा एक ग्रुप ईसीजीतली विजेच्या पुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर काढायचं म्हणतोय. सिग्नल आधी खऱ्या माणसाचा घेऊ नका, कॉम्प्युटरवर तयार केलेल्या ईसीजीत ५० हर्ट्झ स्वतः मिसळा आणि ते काढून मूळ ईसीजी परत मिळतो का बघा, एवढं मी सांगितलंय. तरी त्यांना तुम्हालाच भेटायचंय. रविवारी दुपारची झोप झाल्यावर घेऊन येऊ का? तुमची आयसी आणि क्रिस्टलही तेव्हाच परत करते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची