पुंगळी कोणत्या बंदुकीची ते आधी बघा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

यंदा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनानिमित्त एका ठिकाणी जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरलं होतं, नातवाला घेऊन गेलतो. काचेच्या पेटीत एक लिव्हरची जुनी रायफल होती, विंचेस्टर १८७३ मॉडेल, कुण्या जहागीरदाराच्या वाड्यातली म्हणून, आणि तिच्यापुढं घासून चकचकीत केलेल्या पाच पितळी पुंगळ्या, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळ्या. खाली चिठ्ठी, "या रायफलीची काडतुसे". नातू म्हणला आजोबा एवढी लांब आत जाते कशी? पोराला दिसलं ते बरोबर दिसलं, ती जातच नाही, कारण त्या पुंगळ्या थ्री नॉट थ्रीच्या होत्या.

मी लातूरच्या एमआयडीसीत ३४ वर्षं लेथवर काढली, पितळ हाताखालून लई गेलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. चूक कशी होते ते सांगतो. त्या रायफलीचं काडतूस विंचेस्टर ४४-४०, त्याच्या पुंगळीची मागची कड साधारण १३.३ मिमी, थ्री नॉट थ्रीची १३.७. फरक अर्धा मिलीमीटर पण नाही, बुडाकडून बघितलं तर दोन्ही सारख्याच वाटतात, आणि मांडणाऱ्यानं बूडच बघितलं असणार. पण लांबी बघा की, एक ३३ मिमी अन् दुसरी ५६. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावायला दोन मिनिटं लागतात.

लांबीचं महत्त्व या रायफलीत जास्तच आहे. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक झोपलेली असतात, स्प्रिंगच्या जोरानं एक काडतूस मागं पितळी ठोकळ्यात येतं आणि लिव्हर ओढला की तो ठोकळा त्याला वर उचलून चेंबरसमोर, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेसमोर, धरतो. ठोकळा बरोबर पूर्ण काडतुसाच्या मापाचा, गोळीसकट ४० मिमीच्या आसपास. काडतूस लांब असलं तर ठोकळा वर उठत नाही, आखूड असलं तर पुढच्या काडतुसाची कड ठोकळ्यात घुसते अन् परत तेच, सगळं अडकतं. म्हणजे बोअर, नळीच्या भोकाचं माप, जुळला की पुंगळी जुळली असं नसतं. ४४-४० ची पुंगळी तोंडाशी तर पाव मिलीमीटरपेक्षा पातळ असते, बोटानं दाबली तरी चेपते, म्हणून जुनी अस्सल धड सापडली तर ती कापसात ठेवायची वस्तू आहे.

थ्री नॉट थ्रीच्या पुंगळ्यांचा मान तर आपल्याकडं वेगळाच पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गला आली, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, त्या फौजेच्या हातात ली-एनफिल्ड रायफल होती अन् तिचं काडतूस हेच. पुंगळीच्या बुडावर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं अन् बाणाची खूण असली तर ती आपल्या खडकीच्या कारखान्याची, १८६९ पासूनचा कारखाना आहे तो, बऱ्याच पुंगळ्यांवर सालाचे दोन आकडे पण ठोकलेले असतात. रिकाम्या पुंगळीत टॉर्च मारून बघा, तळाला दोन बारीक भोकं दिसतील, बहुतेक लष्करी थ्री नॉट थ्रीत असंच असायचं, मधोमध एकच भोक असलं तर ती वेगळ्या बनावटीची. एवढा इतिहास त्या एका बुडावर असतो आणि ती चुकीच्या रायफलीपुढं मांडून ठेवली. शेजारच्या पेटीत ठासणीची बंदूक होती, तिच्यापुढं पण दोन पुंगळ्या! ठासणीच्या बंदुकीला पुंगळी नसतेच हो, दारू अन् गोळी नळीच्या तोंडातून भरायची असते.

आता घासण्याचं. मला याचंच जास्त वाईट वाटलं. त्या पाचातल्या दोघींना तोंडापासून खाली उभी चीर गेली होती. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, चकती दाबून ओढून ओढून तिची नळी करतात, त्या ओढण्याचा ताण धातूत राहतो. इंग्रजांच्या काळात इथंच हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांना आपोआप चिरा पडायच्या, कुणाला उमजत नव्हतं का ते. घोड्याच्या मुताचा अमोनिया, हवेतली ओल अन् पितळातला ताण, तिन्ही मिळून हे होतं, हा उलगडा १९२१ मध्ये झाला, अन् उपाय म्हणजे पितळ बेतानं तापवून ताण काढून टाकायचा. आपल्याकडं जुन्या वस्तू कुठं असतात? गोठ्याच्या कोनाड्यात. तिथं तोच अमोनिया. वरून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नाकात झोंबणाऱ्या लिक्विड पॉलिशनं घासायचं, त्यातही बऱ्याचदा अमोनियाच. चिंच-मीठानं पण घासू नका, आंबटानं जस्त निघून जातं अन् पितळ तांबूस पडतं, देवघरातल्या तांब्याला चालतं ते पुंगळीला चालत नाही. कोमट पाणी, थोडा साधा साबण, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडं करा. काळपटपणा राहू द्या, तो तिच्या वयाचा आहे.

हे सगळं रिकाम्या पुंगळीचं. मागची टोपी (बुडातली ठिणगी पाडणारी बारीक वाटी) बिनठोकलेली असली किंवा पुढं गोळी दिसली तर तिला हात लावू नका, घासू नका, तापवू नका, भोक तर अजिबात पाडू नका, ७५ वर्षांनी पण उडू शकते. पोलीस स्टेशनला फोन करा. जिवंत काडतूस विनापरवाना घरात ठेवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

आयोजकांना भेटून बोललो, मंडळी चांगली आहेत, रागावली नाहीत. ती विंचेस्टर कायमची बंद केलेली आहे अन् कागद त्यांच्याकडं आहेत. मी म्हणलं अस्सल ४४-४० ची पुंगळी मिळत नसली तर मी डमी करून देतो. भरीव पितळी रॉडमधून एका तुकड्यात, गोळीसकट, टोपीला जागाच नाही अन् आत पोकळी नाही म्हणजे कुणी काही भरायचा प्रश्नच येत नाही. लेथला सोपं जावं म्हणून शिसं मिसळलेला रॉड घेतला, खरी पुंगळी त्याची होत नसते पण डमीला तोच बरा. पहिला तुकडा कडेशी जरा जाड झाला, दुसरा चेंबरमध्ये अलगद बसला आणि बोटानं बाहेर पण आला. बुडावर "डमी" असं ठोकलं, उद्या कुणी खरी समजू नये.

मराठवाड्यात अशी प्रदर्शनं शाळा-कॉलेजात गावोगाव भरतात, म्हणून आपल्या पेपरातून सगळ्यांना विनंती करतो, मांडायच्या आधी व्हर्नियर लावा, बूड वाचा, चिठ्ठीवर पुंगळीचं नाव वेगळं लिहा. लातूर भागात कुणाला डमी लागली तर रॉडचे पैसे द्या, मजुरी मी घेणार नाही.

आपला,
एक निवृत्त टर्नर, लातूर