तिवरवाल्या सरांचं पत्र

ऐरोली, शनिवार रात्र

प्रिय शिऱ्या,

स. न. वि. वि. लिहीत नाही, नाहीतर पत्र तिथेच फाडशील. "एम.एस्सी. होऊन पत्रकं वाटत फिरतोस का?" असं तू विचारलंस त्याचा राग नाही आला. आमच्या सासरेबुवांची शंकाही तीच आहे, फक्त ते मला थेट विचारत नाहीत, हिला विचारतात. आज जरा फुरसत आहे, तर सविस्तर सांगतो.

ठाणे खाडीवर संशोधन करणारी मंडळी एकीकडे आणि दिवागाव, विटावा, घणसोली, वाशी, दिवाळे इथले आगरी-कोळी दुसरीकडे. मी मधला. एकांचे आकडे दुसऱ्यांना समजावायचे आणि दुसऱ्यांचे प्रश्न पहिल्यांच्या कानावर घालायचे. नेमणुकीच्या कागदावर माझं लांबलचक पद आहे. गावात 'तिवरवाले सर', म्हणजे खारफुटीवाले, एवढंच.

आता खरी गोम ऐक. वरच्यांना फ्लेमिंगो हवे असतात. अहवालाच्या मुखपृष्ठावर गुलाबी थवा आला की सगळे खूश. देखणा असतो, नाही म्हणत नाही. 2015 मध्ये खाडीचा 1690 हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण गावच्या सभेत पहिलाच फोटो फ्लेमिंगोचा लावला की मागून आवाज येतो, "पक्ष्यांचं झालं, आमच्या म्हावऱ्याचं काय?" प्रश्न रास्त आहे रे. इथे जास्त संख्येने येतो तो लहान रोहित, म्हणजे छोट्या जातीचा फ्लेमिंगो, आणि तो खातो चिखलातलं-पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. शहरांच्या सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर हे शेवाळ माजतं. म्हणजे ज्या घाणीने कोळ्याचं जाळं रिकामं केलं, तिच्यातच पक्ष्यांचं ताट वाढलंय, असं बरेच अभ्यासक मानतात. मी हे सभेत स्वतःहून आधीच सांगून टाकतो. त्यावर वरून नापसंतीचे फोन येतात, येऊ देत. हा मुद्दा टाळून केलेली जनजागृती म्हणजे चहा-बिस्किटांचा खर्च, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आजकाल फोटो शेवटी आणि बाटल्या आधी. आपण प्रॅक्टिकलला पाण्यातला प्राणवायू तपासायची विंकलर चाचणी करायचो, आठवतं? जेट्टीवर तेच करतो. एका बाटलीत भरतीच्या वेळी होडीतून आणलेलं मधल्या खाडीचं पाणी, दुसरीत ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी भरलेलं. बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड जागच्या जागी घालायचं, बूच लावून उलटसुलट करायचं. (हातमोजे घालतो, काळजी नसावी.) पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. परवा नाल्याची बाटली पांढरीफटक निघाली. पोरं "दुधावानी" म्हणून हसली. मासळीची पाटी बाजूला ठेवून उभी असलेली एक मावशी मात्र बाटली हातात घेऊन उन्हाला धरून बघत राहिली. मग म्हणाली, "इथून वर बोय यायची पूर्वी. आता निवटीच काय ती दिसते." बरोबरच आहे, निवटी ओल्या कातडीतून हवेतला प्राणवायू घेते, म्हणून ती चिखलात टिकते, बोय मासळीला पाण्यातलाच लागतो. हे मी तिला सांगितलं, तर ती म्हणे, "मंग ह्या बाटलीचा कागद करून द्या. साहेबाला दावायला." आता मी प्रत्येक बाटलीचा कागद करतो. तारीख, वेळ, जागा, भरती की ओहोटी, आणि खाली गावातल्या दोघांच्या सह्या.

शाळेत वेगळी गंमत. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पोरांना आजोबांकडून पाठ असतो, पण का जमतो ते ठाऊक नसतं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाऊण तास त्याच्या जवळपास बसतो, एवढं फळ्यावर काढून दाखवलं की वर्ग उभा राहतो. खाडीच्या टोकाला पाणी जरा मागाहून पोचतं, तेही तीच पोरं सांगतात. मात्र पाणी किती चढणार हे तिथीवरून नीट कळत नाही. त्यासाठी भरतीचा तक्ता. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर उधाण आणि त्यात मुसळधार असेल तर नाल्याचं पाणी उलटं वस्तीत शिरतं. ते दिवस पोरं लाल खडूने भिंतीवर लिहून ठेवतात. माझ्या कामात लगेच उपयोगी पडणारी गोष्ट कुठली म्हणशील, तर ही भिंत.

तिवरांबद्दल तुला काय सांगू, सगळं ठाऊकच आहे. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तोडायला बंदी आहे, पण राडारोडा रात्रीच पडतो.

कटकट एकच, कागदी. दर महिन्याला किती लोकांना 'जागृत' केलं तो आकडा भरायचा. ती मावशी त्यात एकच धरली जाते आणि मॉलमधल्या प्रदर्शनासमोरून गेलेले सगळे त्यात जमा होतात! यावर वाद घालून थकलो, आता मुकाट भरतो.

तर मुद्द्याचं. तुमच्या कॉलेजच्या स्टोअरमध्ये जुने मायक्रोस्कोप धूळ खात पडलेत म्हणालास ना? एक जरी मिळाला तरी पोरांना ते शेवाळ डोळ्यांनी दाखवता येईल. प्राचार्यांना अर्ज लागत असेल तर मजकूर तूच कळव, तुझ्या भाषेत ते लवकर विरघळतात. आणि तू स्वतः जानेवारीनंतर कधीही ये, मेपर्यंत पक्षी असतात. होडी भरतीवरच निघते, तेव्हा तारीख ठरवण्याआधी मला विचार. वहिनींना नमस्कार. चिंबोऱ्यांचं कालवण नक्की, पण चिखलात घालायला जुनी चप्पल तुझी तू आण.

तुझा,
बाळ्या