बाबांची कंबर आणि तो रिपोर्ट

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर बाबा "बरं, बरं" करून फोन आईकडे देतात, म्हणून लिहिते आहे. आई, हे त्यांना वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

एमआरआयच्या रिपोर्टात कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सुकलेली आणि थोडी फुगलेली आहे, एवढंच लिहिलंय. त्यावरून वाड्यावरच्या लोकांनी "गादी सरकली" असा निकाल दिला आणि बाबा फळीवर झोपून राहिले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ते कुणाच्या लक्षात नाही!

बाबा, ही गादी म्हणजे शहाळंच समजा. बाहेर चिवट सोडण, आत पाणीदार गर. जून होत जाते तसं पाणी आटतं. मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. वरच्या-खालच्या मणक्यांतून झिरपेल तेवढ्यावर तिचं भागतं. वयाबरोबर तेही कमी होतं आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्यंही घटतात. एमआरआयला ते पाणीच दिसतं. टी-टू नावाच्या चित्रात पाण्याने भरलेली गादी पांढरी, सुकलेली काळी. त्या रंगावरून आणि उंचीवरून पाच श्रेणी लावतात, पाचवी सगळ्यांत झिजलेली. तुमची चौथी.

आता आकडे ऐका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या सीटी-एमआरआयचा एकत्रित आढावा २०१५ साली छापून आला. झिजलेल्या गाद्या विशीत ३७ टक्के, साठीत ८८, ऐंशीत ९६ टक्के जणांना. फुगवटा साठीत ६९ टक्क्यांना. माझ्या वयाला, चाळिशीत, झीज ६८ टक्के. माझा एमआरआय काढला तर वाड्यावर माझ्यासाठीही फळी शोधतील.

तुमचं दुखणं खोटं असं मी म्हणत नाही. पण ते त्या काळ्या डागातूनच येतं, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. पडून राहिलात तर स्नायू मात्र नक्की जातील. तेव्हा कुळागरात जा, पण पहाटे उठल्याउठल्या सुपारी वेचायला वाकू नका. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. तासभर हिंडा, चहा घ्या, मग वेचा. कळशी आणि नारळाची पोती गड्याकडे. चतुर्थीला गणपतीवरची फळा-पानांची माटोळी तुम्हीच सांगाल तशी बांधू, शिडीवर मी चढेन.

आई, तुझ्यासाठी एक वेगळं. पायातली ताकद कमी वाटली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मला फोन करत बसू नकोस. गाडी सांगून त्याच घटकेला बांबोळीला, मोठ्या इस्पितळात घेऊन जा. मी मागून पोचते.

तुमची,
बाय