पुनर्विकास आराखड्याविषयी सभासदांची बैठक

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या प्राथमिक आराखड्यावर विचार करण्यासाठी येत्या रविवारी सकाळी १० वाजता संस्थेच्या सभागृहात बैठक होईल. वास्तुविशारद स्वतः उपस्थित राहतील.

आपला भूखंड नासर्डीच्या काठाजवळ असल्याने पूररेषेचा विषय सर्वांत आधी घ्यावा लागेल. नदीकाठापासून निळ्या रेषेपर्यंतचा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंतचा, पट्टा बांधकामास निषिद्ध मानला जातो, आणि तिथून लाल रेषेपर्यंत, म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीपर्यंत, बांधकामावर निर्बंध असतात. २००८ च्या पुराचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या रेषांचे महत्त्व सांगायला नको. त्यामुळे महानगरपालिकेचा झोन दाखला (भूखंड कोणत्या वापर-क्षेत्रात येतो याचा दाखला) व पूररेषेची नोंद असलेला मोजणी नकाशा हाती आल्याशिवाय कोणत्याही आराखड्यास मान्यता देऊ नये, अशी समितीची ठाम भूमिका आहे.

बैठकीपूर्वी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात :

१. राज्याच्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय बंधनकारक आहे.

२. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना कायद्याने वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आवारातील वड आणि दोन्ही कडुनिंब वाचवूनच वाहनतळ आखावा, अशी कळकळीची विनंती आहे.

लेखी सूचना शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्याव्यात.

सचिव, व्यवस्थापक समिती