रुमी मस्तकीचे बेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील ग्रीक बेटांवरील लेख वाचला. सांतोरिनीचे निळे घुमट त्यात रंगून आले आहेत. मात्र 'येथे झाडाचा डिंकही मिळतो' एवढ्या एका वाक्यात खिओस बेटाची बोळवण व्हावी, हे खटकले. काष्ठौषधींच्या दुकानात 'रुमी मस्तकी' मागितल्यावर जे फिकट पिवळे खडे पुडीत बांधून मिळतात, ते अस्सल असतील तर त्यांचे मूळ गाव हेच. पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलखाला अरबी-फारसी जगात 'रूम' म्हणत. 'रुमी' हे विशेषण त्या जुन्या व्यापाराची खूण आहे.

मस्तकीचे झुडूप भूमध्य समुद्राकाठी अनेक ठिकाणी वाढते, पण व्यापारी मोलाचा चीक मिळतो तो खिओसच्या दक्षिण भागातच. इ. स. 251 मध्ये रोमन आरमारातील इसिडोर या ख्रिस्ती सैनिकाला हालहाल करून मारण्यात आले, तेव्हा ही झाडे रडली, अशी तेथील आख्यायिका आहे, आणि चिकाच्या थेंबांना आजही 'अश्रू' म्हटले जाते. हे अश्रू मात्र आपोआप गळत नाहीत. उन्हाळ्यात बुंध्याखालची जमीन झाडून, सपाट करून तीवर पांढरी चुनखडीची भुकटी पसरतात. मग अणकुचीदार हत्याराने सालीला बारीक चिरा पाडतात. ठिबकलेला चीक दोन-तीन आठवड्यांत घट्ट झाला की वेचायचा, चाळायचा, धुवायचा आणि हिवाळाभर एकेक खडा सुरीने खरवडून स्वच्छ करायचा. हे शेवटचे, डोळे शिणवणारे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः बायकांनी केले आहे. मस्तकीच्या लागवडीच्या या परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत 2014 मध्ये स्थान मिळाले.

या चिकानेच तेथील गावांना आकार दिला. चौदाव्या शतकापासून 1566 पर्यंत बेटावर जिनोआच्या व्यापाऱ्यांचा अंमल होता. मेस्तासारख्या गावात बाहेरच्या घरांच्या भिंती सलग जोडून तट केलेला, मधोमध बुरूज आणि आत छत घातलेल्या अरुंद गल्ल्या, अशी मूळ रचना होती; चाच्यांपासून रक्षण आणि मालावर नजर हे दोन्ही हेतू तीत साधत असत. 1822 मध्ये ऑटोमन फौजांनी बेटावर भीषण कत्तल केली, तेव्हा सुलतानाला मस्तकी पुरवणारी ही गावे बऱ्याच अंशी वाचली. ज्या पिकासाठी गावकऱ्यांना शतकानुशतके जाचक पहाऱ्यात राहावे लागले, त्यानेच त्यांना त्या वर्षी तारले.

पिर्गी गावातील भिंतींवरचे नक्षीकाम हा आणखी एक विषय. गडद गिलाव्यावर चुन्याचा पांढरा थर देऊन, तो ओला असतानाच खरवडून त्रिकोण, चौकटी आणि वर्तुळे काढणारी 'क्सिस्ता' ही कला आपल्या छायाचित्रकारालाही मोहात पाडील. पुरवणीत या बेटाला एक स्वतंत्र पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक