लक्षद्वीपातल्या अगत्तीच्या बोटीवरच्या इक्कांना, आईकडून आणि माझ्याकडून

इक्का,

जेट्टीवर सगळे तुम्हाला इक्का, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत होते म्हणून मीही तेच म्हणते. हिंदीत व्हॉइस मेसेज पाठवला होता तो तुम्ही ऐकलात, खाली अंगठाही पाठवलात, पण तेवढ्या मेसेजमध्ये काय मावणार. आणि मला हे आमच्या माणसांसमोरही सांगायचंय म्हणून मराठीत लिहितेय, तुमच्या पुतण्याला फोनवर अर्थ सांगेन, तो तुम्हाला सांगेल. नाव लिहू नका म्हणालात, नाही लिहीत.

आमच्या आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हापासून ती काठी घेऊन चालते, तेही घरातल्या घरात. आम्ही कुडाळचे, समुद्र काही नवा नाही, पण आजारपणानंतर तिने समुद्राचं नाव काढणंच सोडलं होतं. गोव्यातला मोपाचा एअरपोर्ट आमच्यापासून जवळ, आणि मार्च २०२४ मध्ये तिथून थेट अगत्तीला एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं विमान, सुरू झालं तेव्हा भावाने विषय काढला की आईला नेऊया. मग फोनाफोनी. एका एजंटाने तर तोंडावर सांगितलं की ताई, अशा पेशंटला बोटीत कोण घेणार, तुम्ही त्यांना अगत्तीलाच ठेवा आणि तुम्ही दोघं बोटीने पलीकडचं बंगारम बेट करून या. आई बाजूलाच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ती काही बोलली नाही, उठून आत गेली.

आपल्याच देशात जायला परमिट लागतं हे आमच्याकडे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही, पोलिसांचं क्लिअरन्स वगैरे ते सगळं भावाने केलं. विमानाचं सांगायचं तर एटीआरमध्ये मागच्या दाराने चढायचं, दाराचीच शिडी होते, पायऱ्या मोजक्या, आणि स्टाफने आईला इतकं सांभाळून घेतलं की निम्मी भीती तिथेच गेली, त्यांचेही आभार. सामानाचे किलो मात्र कडक, कारण अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, विमान जड करून चालत नाही. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. उतरताना आईने माझा हात गच्च धरला, दोन्ही खिडक्यांतून पाणीच पाणी, पुढे कल्पिट्टीचं छोटं बेट दिसतंय आणि जमीन कुठेच नाही असं वाटेपर्यंत चाकं टेकलीसुद्धा.

पण खरी परीक्षा जेट्टीवर होती, आणि तिथे तुम्ही होतात.

ओहोटी होती. आमच्याकडे सुकती म्हणतात. बोट खाली गेलेली, जेट्टीच्या पायरीपासून बोटीच्या काठापर्यंत चांगलं कमरेएवढं अंतर, आणि मधे पाणी वरखाली होतंय. धडधाकट माणसं उड्या मारून उतरत होती. आईने ते बघितलं आणि मला म्हणाली, तुम्ही जा गो, मी हयच बसतंय. माझ्या पोटात गोळा आला, कारण एजंट म्हणाला होता ते खरं होणार असं वाटलं. बोटीतल्या काही जणांची चुळबुळ सुरू झाली होती, ऊन होतं, लहान पोरं होती, त्यांचंही बरोबरच होतं.

तुम्ही बोटीतून वर आलात. माझ्याशी नाही, भावाशी नाही, आधी आईशी बोललात. तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि तुमच्या त्या हळू हिंदीत, तुमच्याकडे आईला म्हणतात तशी हाक मारून म्हणालात, उम्मा, पानी ऊपर आएगा, हम रुकेंगे. बस्स. मग पायरीच्या दगडावरची ओली रेघ तिला बोटाने दाखवलीत, पाणी कुठपर्यंत चढणार ते. आजारपणानंतर लोक आईबद्दल आईसमोरच आमच्याशी बोलतात, तिला काय होतंय, तिला चालेल का, तिला विचारा. डॉक्टरसुद्धा. तुम्ही तिच्याशी बोललात. इक्का, मला पहिले आभार मानायचेत ते ह्याचे, बाकी सगळं नंतर.

बाकीच्यांना तुम्ही काय समजावलंत ते भावाने मला नंतर सांगितलं. की थांबायचं तर आहे पण फार थांबूनही चालणार नाही, कारण प्रवाळातून बोट काढायची तर पाण्याचे रंग दिसले पाहिजेत, गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे खाली वाळू, तपकिरी डाग म्हणजे खाली दगडासारखं प्रवाळ, आणि सूर्य फार कलला की पाण्यावर नुसती चकाकी येते, डाग दिसतच नाहीत. बंगारम अगत्तीच्या ईशान्येला, म्हणजे दुपारनंतर जाताना ऊन पाठीवर येतं, ते सोयीचं, पण ठराविक वेळेपर्यंतच. म्हणजे पाणी चढायची एक वेळ आणि उजेड जायची दुसरी, आणि ह्या दोन्हींच्या मधे तुम्ही माझ्या आईसाठी जागा काढलीत. चुळबुळ करणारे तेच लोक हे ऐकून शांत झाले आणि एका काकांनी तर स्वतःची छत्री आणून आईवर धरली.

आईला उचलून घेतलेलं अजिबात आवडत नाही. हॉस्पिटलमध्ये सारखं उचलायचे तिला, तेव्हापासून कोणी काखेत हात घातला तरी अंग चोरते. तुमच्या दोन खलाशांपैकी एक जण उचलायला पुढे आला तेव्हा तुम्ही मान हलवून त्याला थांबवलंत, हे मी बघितलं. पाणी त्या रेघेच्या जवळ आलं तशी तुम्ही बोट काथ्याच्या दोराने दोन्हीकडून आवळून घेतलीत, जुना टायर मधे घातलात, आणि स्वतः एक पाय पायरीवर एक पाय बोटीत असे उभे राहिलात. तुमचा गुडघा पुढे. आईचा उजवा हात तुमच्या खांद्यावर. लाट बोटीला वर उचलते ती वेळ तुम्ही दोनदा जाऊ दिलीत, तिसऱ्यांदा म्हणालात, अब, उम्मा. आणि तिने तुमच्या गुडघ्यावर पाय ठेवला आणि आत उतरली. स्वतःच्या पायाने. चप्पल घालून ठेवला तो पाय इक्का, तुमच्या पांढऱ्या लुंगीवर मातीचा ठसा उठला, ती ओशाळली आणि तुम्ही तो झटकलासुद्धा नाहीत.

बोटीत तिला मागच्या बाजूला बसवलंत, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, हेलकावे जास्त बसतात म्हणून. लगूनमधे, म्हणजे प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, पाणी सपाट होतं, बाहेर आल्यावर लाटा लागल्या, दोघा-तिघांना उलट्या झाल्या, आईला काही झालं नाही. ती तुमच्याकडेच बघत बसली होती. तुम्ही सुकाणूवर उभे, नजर सतत पाण्यावर, बोलणं चालू. तिने मासळीचं विचारलं आणि तुम्ही खुललात. नुसत्या काठीने आणि गळाने चुरा, म्हणजे ट्यूना मासा, कसा पकडतात, आधी जिवंत बारकी मासळी पाण्यात टाकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे की माशांना वाटतं वर खाणं उसळतंय, गळाला काटा उलटा नसतो म्हणून मासा ओढला की आपोआप सुटून बोटीत पडतो, जाळं नाहीच. मग उकडून, धुरी देऊन, वाळवून त्याचा ‘मास’, म्हणजे टिकाऊ सुका मासा, करतात तेही सांगितलंत. आईला हिंदी अर्धवट, तुम्हाला मराठी शून्य, पण दोघांनाही सगळं कळत होतं. ती मला म्हणाली, ह्यो तर आमच्याच गावचो वाटता गो. ह्येका समुद्र कळता.

तिच्या तोंडून इतकं मोठं वाक्य मी खूप महिन्यांनी ऐकलं.

बंगारमचं काय सांगू, तिथले फोटो सगळ्यांनी बघितलेत. पांढरी वाळू, माड, वस्ती नाही, रात्री कुत्र्याचं भुंकणंसुद्धा नाही, कारण लक्षद्वीपात कुत्री नाहीतच. आई रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला खुर्ची टाकून बसायची आणि माड मोजायची, आणि आमच्याकडच्या माडांना नावं ठेवायची. रिसॉर्टचे लोक चांगले होते, जेवणही छान, पण घरी आल्यावर शेजारणी विचारतात तेव्हा ती रिसॉर्टचं काही सांगत नाही, बोटीचं सांगते. उभं राहून सांगते, काठी बाजूला ठेवून, कसा पाय टाकला ते दाखवते, मग मलाच धावत जाऊन तिला धरावं लागतं.

परतताना तुम्ही आम्हाला न विचारता निरोप पाठवलात की उम्माला सकाळी लवकर तयार ठेवा, भरतीला निघू. म्हणजे ते तुमच्या लक्षात होतं. भावाने जेट्टीवर पैसे द्यायला हात पुढे केला तेव्हा तुम्ही त्याचा हात तसाच मिटवून परत खिशाशी नेलात आणि आईकडे बोट दाखवलंत, की द्यायचंच असेल तर यांना परत घेऊन या. आम्ही आणणार आहोत. पावसाळ्यात तुमच्याकडचा समुद्र खवळलेला असतो हे कळलंय, त्यामुळे दिवाळी झाल्यावर बघू, आईने तर आत्ताच विचारायला सुरुवात केलीय.

तोवर एक पार्सल पाठवतोय. कोकमं आहेत, आईने स्वतः बसून सुकवलेली, एका हाताने, आणि मालवणी खाजं आहे, ते तुमच्या घरच्या पोरांना. तुमच्या पुतण्याने दिलेल्या पत्त्यावर येईल, बोटीने यायचं म्हणजे वेळ लागेल. मिळालं की मला नको, आईच्या नंबरवर फोन करा, ती वाट बघतेय.

तुमची,
उम्माची मुलगी, कुडाळ